दात कशानं घासता?

तिचं नाव चौकशी कुणी ठेवलं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. पण ठेवणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. लहानपणी घरी पाहुणा आला, की पाण्याचा पेला त्याच्या हातात पडायच्या आत ही समोर हजर. कुठून आलात, चालत की बसनं, तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय तो कधी तुटला, आणि मग अजून शिवला का नाही. पाहुणा हसायचा आणि आई डोळे वटारायची. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला सात आठे विचारले, तेव्हा तिनं छप्पन्न सांगून वर त्यांना विचारलं, की तुमची तपासणी कोण करतं. वर्गशिक्षिकेनं त्या दिवशी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून तर सगळा वर्गच दिसायचा, त्यामुळे तिची सोयच झाली.

लग्न झालं ते पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचणाऱ्या माणसाशी. दिवसभर आकडे वाचून वाचून की काय, तो बोलायचा अगदी मोजकं. तिचं बोलणं त्याला रेडिओसारखं सोबतीला बरं वाटायचं. अडचण होती ती त्याच्या थोरल्या बहिणीची. वन्संनी मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं भाषा शिकवली होती, स्वतः लग्न केलं नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावरही त्या घरात वर्ग घेतल्यासारख्याच वावरायच्या. कपड्यांना कडक इस्त्री, केस चापून बसवलेले, आणि दात दिवसातून पाच वेळा घासायचे म्हणजे घासायचे. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, दुसऱ्याच्या ताटात बघू नये आणि उत्तर ऐकायची तयारी नसेल तर प्रश्न विचारू नये, हे त्यांचे तीन नियम. पैकी तिसऱ्याला चौकशीची हरकत नव्हती. उत्तर ऐकायला ती कायमच तयार असायची. पहिल्या दोन नियमांवरून मात्र दोघींचे खटके उडत. शेजारच्या नव्या भाडेकरूंना तिनं जिन्यातच गाठून त्यांच्या सामानाची यादी काढून घेतली, तेव्हा वन्सं आठवडाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या होत्या.

ती बटणांच्या कारखान्यात डबे भरायला जायची. ती चव्वेचाळीस वर्षांची असताना कारखाना बंद झाला. दोन महिने ती घरात होती, आणि त्या दोन महिन्यांत गल्लीतल्या प्रत्येक माणसाची कुंडली तिच्या हाती आली. मग एका संध्याकाळी नवरा घरी आला, बूट काढले, आणि एका दमात चार वाक्यं बोलला. आरोग्य केंद्राच्या दारावर कागद लावलाय. तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास करणार आहेत. घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारायला बाई हवी आहे. मला तू आठवलीस.

केंद्रात मुलाखत घ्यायला डॉक्टरबाई होत्या, अभ्यासाच्या प्रमुख. ठेंगण्या, घाईत असलेल्या आणि चष्मा कायम कपाळावर. लोकांशी बोलायला आवडतं का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. चौकशीनं हो म्हटलं आणि मग स्वतःचं सुरू केलं. बायकाच का, पुरुष का नाहीत. हाच भाग का. आणि कुणाच्या तोंडात काही सापडलं तर तिला सांगणार, की नुसतं वहीत लिहून घेणार. डॉक्टरबाई उत्तरं देत राहिल्या. पुरुषांचा अभ्यास आधी होऊन गेलाय. या भागातल्या बायकांच्या तोंडात पांढरे डाग फार सापडतात. हे डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पण काहींचा पुढे होऊ शकतो आणि लवकर सापडले तर पुष्कळदा थांबवता येतात. आणि हो, सांगणार तर, दर गुरुवारी इथंच तोंड तपासणार, उपचारही करणार. सांगता सांगता त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. वीस मिनिटं झाली होती आणि मुलाखत त्यांचीच चालली होती.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या.

प्रश्न चौऱ्याऐंशी होते, अकरा पानांवर छापलेले. शिकवायला होते आकडेसाहेब. सगळ्या उत्तरांची आकडेमोड करणारा हा उंच, बारीक माणूस, त्यांना केंद्रात सगळे याच नावानं ओळखत. त्यांचं म्हणणं एकच: छापलंय तेच विचारायचं, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. एकीला मायेनं विचारलं आणि दुसरीला दटावून, तर उत्तरं वेगळी येतात, मग बेरजेला अर्थ राहत नाही. चौकशीला ते पटलं. पटलं तरी जीभ वळवळायची ती वळवळायचीच. बाई सांगायची, मी तेल बदललं. कागदावर पुढचा प्रश्न असायचा, घरात खिडक्या किती. का बदललं हे विचारायचं राहूनच जायचं आणि तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

दारं कशी ठोठावायची ते नवऱ्यानं शिकवलं. बेल वाजवून दोन पावलं मागं सरायचं. दार उघडलं की आत बघायचं नाही, चौकटीकडे बघायचं. घरात कुत्रं असेल तर आधी कुत्र्याशी बोलायचं. बावीस वर्षांत त्याला एकदाही कुत्रं चावलं नव्हतं, त्यामुळे या विषयातला त्याचा शब्द तिला मान्य होता.

महिन्याभरात तिचा जम बसला. जिथं प्रश्न घेऊन फिरणाऱ्या इतर बायकांना दारातून परत पाठवत, तिथं हिला खुर्ची मिळायची. तपासणीला गुरुवारी बायका येऊ लागल्या. पण केंद्रातलं कोडं काही सुटेना. सत्तावन्नावा प्रश्न होता, तंबाखू खाता का किंवा ओढता का. जवळजवळ सगळ्या बायका नाही म्हणत. तोंड उघडलं की मात्र डाग. तंबाखू नाही तर हे आलं कुठून? आकडेसाहेबांचा संशय पाण्याच्या जुन्या नळांवर होता. त्यांनी चाळीस नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं. कुठला नळ कुठल्या वाहिनीवर आहे हे तिच्या नवऱ्यानंच सांगितलं. पाणी स्वच्छ निघालं. नवऱ्याला त्याचा आनंद झाला, आकडेसाहेबांना झाला नाही.

एका सकाळी ती इस्त्रीवालीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबलावर घोंगडी, भिंतीला टांगलेले शर्ट, आणि कोपऱ्यात पाणी मारायची बाटली. इस्त्रीवाली हसरी, अंगानं आडवी, हाताला थांबणं माहीत नसलेली. इस्त्री चालूच ठेवून ती उत्तरं देत होती. तंबाखूला तिनं ठणकावून नाही म्हटलं. आमच्या घरात कुणी शिवत नाही, म्हणाली. पण चौऱ्याऐंशी प्रश्न होईपर्यंत ती तीनदा आत गेली आणि दर वेळी पदरानं तोंड पुसत बाहेर आली.

शेवटच्या प्रश्नाला चौकशीचं पेन गळलं. बोटं निळी झाली, म्हणून ती हात धुवायला आत गेली. बेसिनवरच्या फळीवर एक चपटी गोल डबी होती. लाल झाकण, झाकणावर खिदळणाऱ्या बाईचं चित्र. शेजारी बोटं टेकल्याच्या काळ्या खुणा. हात धुता धुता तिचे हात थांबले. अगदी अशीच डबी तिच्या घरात होती. वन्संची.

वन्संच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हा घरातला दंडक. त्यामुळे ती डबी तिनं कधी उचलून बघितली नव्हती. ही मात्र तिनं उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचलं. भाजलेल्या तंबाखूची भुकटी.

ती बाहेर आली. कागद भरून झाला होता, सही झाली होती. आता जे विचारायचं ते आपलं आपण, असं तिनं मनाशी ठरवलं.

"दात दिवसातून किती वेळा घासता?"

"सहा-सात वेळा. गिऱ्हाईक जास्त असलं तर आठ."

"आणि नाही घासले तर?"

"डोकं धरतं. हातच चालत नाही बघा," इस्त्रीवाली म्हणाली, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "का हो? स्वच्छता काय वाईट?"

"डबीवर तंबाखू लिहिलंय."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. तिला वाचता येत नव्हतं. आईनं लावलेली सवय, ती सांगू लागली, आई म्हणायची यानं हिरड्या घट्ट होतात. तंबाखू खाणारी माणसं वेगळी, ती कोपऱ्यात थुंकतात. आपण तर दात घासतो. आणि तिचं खोटं कुठेच नव्हतं. विचारलं होतं, तंबाखू खाता का. ती खातच नव्हती.

त्या दिवसापासून चौकशी प्रत्येक घरी चौऱ्याऐंशी प्रश्न संपवून, सही घेऊन, कागद मिटून मग पाणी मागायची, डबी बघायची आणि बाहेर आल्यावर कागदाच्या समासात पेन्सिलीनं लिहायची. लाल डबी, पाच वेळा. लाल डबी, तीन वेळा, गरोदरपणी जास्त. डबी नाही, कडुलिंबाची काडी. तीन आठवड्यांत एकसष्ट घरं झाली. चौतीस घरांत डबी होती.

घरी मात्र ती गप्प होती. इतकी, की नवऱ्यानं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. वन्संना सांगायचं कसं? या बाईंनी वर्षानुवर्षं मुलींकडून तंबाखूविरोधी तक्ते रंगवून घेतले होते, समोरच्या पानवाल्याच्या दुकानाविरुद्ध तीन अर्ज केले होते. आणि सांगून तोंड तपासलं, आणि आत काही निघालं तर? जन्मात पहिल्यांदा तिला एका उत्तराची भीती वाटत होती.

इकडे आकडेसाहेबांनी तिचे कागद डॉक्टरबाईंसमोर नेऊन ठेवले. समास खरडून ठेवलेत, असे कागद चालणार नाहीत, ही त्यांची तक्रार. तिला आत बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच ती आत गेली.

डॉक्टरबाईंचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला होता. त्या एकेक समास वाचत होत्या.

"हे विचारायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का विचारलंत?"

"मला कळत नव्हतं म्हणून," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कागद आकडेसाहेबांकडे सरकवले आणि या एकसष्ट बायकांपैकी किती जणींच्या तोंडात डाग आहेत आणि त्यातल्या किती डबीवाल्या आहेत ते आत्ताच्या आत्ता मोजायला सांगितलं. आकडेसाहेबांनी उभ्या उभ्या मोजलं. तपासणीला आतापर्यंत चाळीस जणी आल्या होत्या. डाग अकराजणींना. अकरापैकी दहा डबीवाल्या. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि खाली बसले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. तंबाखू चघळली काय आणि दातांवर चोळली काय, तोंडाला ती तंबाखूच, डॉक्टरबाई म्हणाल्या. आपल्याला उत्तर ठाऊक होतं, विचारायचंच राहून गेलं. त्याच दुपारी पंच्याऐंशीवा प्रश्न लिहायला घेतला. जाताना आकडेसाहेबांनी तिला टोकदार पेन्सिलींचं अख्खं पाकीट दिलं. समासात लिहायचंच असेल, तर निदान मला वाचता येईल असं लिहा, म्हणाले.

नव्या प्रश्नाचा कच्चा कागद ती घरी घेऊन आली. वन्सं खुर्चीत वाचत बसल्या होत्या. तिनं कागद त्यांच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, की हा प्रश्न उद्या छापायला जातोय, डॉक्टरांनी लिहिलाय, भाषा तेवढी बघून द्याल का. वन्संनी लगेच लाल पेन उघडलं. लिहिलं होतं: आपण दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? वापरत असलेल्या पदार्थाच्या डबीवरील मजकूर वाचून दाखवा.

त्यांनी 'वापरत असलेल्या पदार्थाच्या' यावर काट मारली. नुसतं 'डबीवर काय लिहिलं आहे' असं हवं, म्हणाल्या, बायकांना परीक्षा दिल्यासारखं वाटता कामा नये. मग पेन दाताखाली धरून विचार केला. उत्तर नेमकं किती ओळींचं येईल, त्याला जागा किती सोडायची, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पस्तीस वर्षांची सवय; मुलींना दिलेला प्रत्येक प्रश्न त्या आधी स्वतः सोडवायच्या. उठून त्या आत गेल्या.

बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. चौकशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत मात्र डोकावली नाही.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात डबी होती आणि एका हातात भिंग.

"प्रश्न बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि डबी मांडीवर ठेवली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे."

"आणि तू गप्प राहिलीस? तू?"

खरंखोटं काही सांगण्याऐवजी तिनं विचारलं, गुरुवारी माझ्याबरोबर येता का. वन्सं म्हणाल्या, आयुष्यभर मुलींना तोंड मिटून बसा म्हणाले, आता आपलंच उघडून बसायचं. पण येते म्हणाल्या. आणि उठून, डबी स्वतःच्या हातांनी कचऱ्याच्या बादलीत टाकली. नवरा दारातून हे बघत होता. त्यानं कुणाला न सांगता बादली खाली नेऊन रिकामी केली.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन पाहिलं. डाव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा डाग होता. कापसानं पुसला, निघेना. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस घरात तिघंही एकमेकांशी इतकं जपून वागले, की शेजारणीनं कुणी आजारी आहे का म्हणून विचारलं.

उत्तर आलं तेव्हा चौकशीनं चौदा प्रश्न विचारले आणि डॉक्टरबाईंनी चौदाही उत्तरं दिली. कर्करोग नाही. पेशी जरा वेड्यावाकड्या व्हायला लागल्यात, अगदी सुरुवात आहे. वन्संनी एकच विचारलं.

"आज बंद केलं तर?"

"तर बहुतेक जाईल. हमी देत नाही, पण अशा वेळी पुष्कळांचे जातात. दर तीन महिन्यांनी मी बघत राहणार. कर्करोगानं डोकं वर काढलंच, तरी तो मला लहान असतानाच सापडेल."

पुढचे दीड-दोन महिने घरानं काढले ते नवऱ्याच्या सहनशक्तीवर. डबी सुटली तशी वन्संना डोकेदुखी लागली, झोप उडाली आणि राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. दूधवाल्याची चिठ्ठी त्यांनी शुद्धलेखन दुरुस्त करून त्याला परत दिली. टीव्हीवरच्या बातम्यांना उभं राहून चुका सांगितल्या. तलफ आली की त्या चौकशीला हाक मारायच्या, आणि ती हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. मग वन्सं म्हणायच्या, विचार काहीतरी. आणि ही विचारायची. शाळेतली पहिली मुलगी कोण आठवते, लग्न का केलं नाहीत, मागणी आली होती का, कुणाची. बावीस वर्षांत जे विचारायची हिंमत झाली नव्हती ते सगळं त्या दोन महिन्यांत विचारून झालं. मागणी आली होती, दोन आल्या होत्या, आणि दुसऱ्याबद्दल सांगताना वन्सं चक्क लाजल्या. तलफ दहा मिनिटांत जायची. गोष्ट मात्र तासभर चालायची.

तीन महिन्यांनी डाग अर्ध्यावर आला. नऊ महिन्यांनी डॉक्टरबाईंनी बॅटरी इकडून तिकडून फिरवली, पुन्हा फिरवली आणि काही दिसत नाही म्हणाल्या. तरी सहा महिन्यांनी या, हेही म्हणाल्या.

पंच्याऐंशीवा प्रश्न आता दोन हजार घरांत विचारून झाला होता. तंबाखू नाही म्हणणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांहून जास्त जणींच्या घरी डबी सापडली. पण बायकांना सोडा म्हणून सांगायचं कुणी, हा प्रश्न उरला. भिंतीवर कागद लावून झाले, कुणी वाचले नाहीत. तेव्हा वन्संनीच विचारलं, मी येऊ का. पहिल्या गुरुवारी त्या केंद्राच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. समोर बसलेल्या बायकांत डझनभर तरी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, त्या सवयीनं ताठ बसल्या. वन्सं म्हणाल्या, मी तुम्हाला तक्ते काढायला लावले आणि घरी जाऊन रोज पाच वेळा तेच तोंडात घातलं. मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. एवढंच बोलून त्या बसल्या. एकजण म्हणाली, बाई, मी पण, आणि मग एकामागून एक हात वर झाले.

इस्त्रीवाली त्यात होती. सोडायच्या पहिल्या आठवड्यात तिनं तीन शर्ट जाळले आणि गिऱ्हाइकांना कारणही सांगितलं, त्यामुळे तिच्याकडच्या चार घरांत डबी बंद झाली. तिच्या तोंडात काही निघालं नाही, तरी दर सहा महिन्यांनी ती येते आणि येताना एखाद्या नव्या बाईला ओढून आणते.

त्या तपासण्यांत दोन बायकांच्या जिभेच्या कडेला खरोखरचा कर्करोग सापडला, वाटाण्याहून लहान. दोघींच्या शस्त्रक्रिया झाल्या, दोघी बोलतात, जेवतात, आणि त्यातली एक, जी बेकरीत काम करते, पूर्वीपेक्षा जास्तच बोलते असं तिचा मालक म्हणतो. डॉक्टरबाईंनी अभ्यास लिहून छापायला पाठवला. शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत चौकशीचं पूर्ण नाव आहे. वन्संनी ते पान भिंग लावून तपासलं. आडनावात वेलांटी चुकली होती, ती त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केली आणि पान काचेखाली ठेवलं.

आता चौकशीच्या हाताखाली सहा नव्या मुली आहेत. प्रश्न छापलाय तसाच विचारायचा, हे ती त्यांना आकडेसाहेबांपेक्षा कडकपणे शिकवते. मग कागद मिटवायला सांगते आणि म्हणते, आता पाणी मागा. गुरुवारी व्हरांड्यातले बाक पुरत नाहीत, म्हणून केंद्रानं शेजारच्या शाळेतून चार बाक आणलेत. शाळेनं ते परत मागितले, तेव्हा वन्सं स्वतः जाऊन बोलल्या. बाक अजून तिथंच आहेत.